‘अण्णा आला का?’ : स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या एका प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

संध्याकाळचे सहा वाजत आले की बाबांची चुळबुळ सुरू व्हायची. खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं आणि समोर जो दिसेल त्याला विचारायचं, ‘अण्णा आला का?’ अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन ९ वर्षं झाली होती. या एका प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, यावरून घरात माय-लेकाचं बोलणं बंद पडायची वेळ आली, तेव्हा हे कुटुंब समुपदेशनासाठी आलं.

ही एकाच घराची हुबेहूब नोंद नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका कुटुंबाभोवती गुंफलं आहे. म्हणून नावं नाहीत. घरातली माणसं एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतात, तीच नाती इथे आहेत.

माणूस आणि आजार

बाबांचं वय ७६. दोघा भावांनी मिळून जन्मभर यंत्रांचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप चालवलं. अण्णा गिऱ्हाइकं आणि हिशेब बघायचे, बाबा लेथवर उभे असायचे. विसरण्याची सुरुवात साधारण ५ वर्षांपूर्वीची: तेच तेच विचारणं, पायाखालच्या रस्त्यावर गोंधळणं, सुट्या पैशांचा मेळ न लागणं. डॉक्टरांनी आधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा त्रास आणि नैराश्य यांपैकी काही नाही ना ते तपासलं, कारण त्यांच्यामुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. मग मेंदूचा एमआरआय, स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि शेवटी अल्झायमरचं निदान.

निदानाने मुलाला धक्का बसला, आईला मात्र थोडं हायसं वाटलं. ‘म्हणजे हे मुद्दाम करत नव्हते,’ असं त्या म्हणाल्या. हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत होते, आणि त्यांतल्या ६० ते ७० टक्क्यांच्या मुळाशी अल्झायमर असतो. तरीही प्रत्येक घराला हे फक्त आपल्याकडेच घडतंय असं वाटत असतं.

बाबांच्या मेंदूत काय चाललं आहे, हे मुलाला समजावून सांगणं गरजेचं होतं. पुढचं सगळं त्यावर उभं राहणार होतं. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजू लागतो. नवी आठवण साठवायचं काम मुख्यतः त्याचं. तो निकामी होत गेला की आज ऐकलेलं आत रुजतच नाही. शिवाय आठवणी पुसल्या जातात त्या साधारण उलट्या क्रमाने: अलीकडच्या आधी, जुन्या बऱ्याच उशिरा. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच ही गोष्ट नोंदवून ठेवली होती. अण्णा गेले ती घटना या पुसट होत चाललेल्या टप्प्यात आली. वर्कशॉपमधले ऐन उमेदीचे दिवस मात्र शाबूत होते. बाबांच्या लेखी अण्णा जिवंत होते, आणि त्यात त्यांचा हट्ट नव्हता.

दोन उत्तरं, दोन्ही निरुपयोगी

मुलगा सरळ माणूस. तो दर वेळी खरं सांगायचा. ‘बाबा, अण्णाकाका गेले. ९ वर्षं झाली. तुम्हीच होतात ना तेव्हा?’ बाबांचा चेहरा पडायचा. कधी ते रडायचे, कधी संतापायचे, ‘मला कुणी कळवलं कसं नाही?’ पंधरा-वीस मिनिटांत तो प्रसंग ते विसरत. पण त्यानंतर जेवायला बसत नसत, मुलाला जवळ येऊ देत नसत, रात्री उशिरापर्यंत जागत. मुलाला हे कोडं वाटायचं. बातमी विसरली तर दुःख कसं उरतं?

याचं उत्तर संशोधनात सापडतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना आणि तितक्याच निरोगी लोकांना आधी दुःखद आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात रुग्णांना पाहिलेलं फारसं आठवेना, काहींना तर काहीच आठवेना. पण त्या चित्रफितींनी जागी केलेली भावना मात्र अर्धा-अर्धा तास टिकून होती. घटना पुसली जाते, तिने मनाला दिलेला रंग तसाच राहतो. बाबा मुलावर रागावलेले असत आणि का रागावलो हे त्यांना सांगता येत नसे. मुलगा रोज संध्याकाळी वडिलांना भावाच्या मृत्यूची ताजी बातमी देत होता. त्याच्यासाठी ती जुनी होती एवढंच.

आईंचा मार्ग वेगळा. त्या म्हणायच्या, ‘येतील हो, उद्या येतील.’ त्या क्षणी बाबा शांत व्हायचे, पण थोड्या वेळाने पायांत चपला अडकवून दाराशी उभे राहायचे. येणार आहे म्हटल्यावर वाट तर बघायलाच हवी! एकदा ते जिना उतरून रस्त्यावर गेले आणि शेजाऱ्यांनी हात धरून परत आणलं. त्या दिवशी मुलगा आईवर ओरडला, ‘तू खोटं बोलतेस म्हणून हे होतं.’ आई म्हणाल्या, ‘आणि तू खरं बोलून रोज त्यांना रडवतोस त्याचं काय?’

दोघंही प्रेमापोटीच बोलत होते आणि दोघंही एकमेकांच्या चुका बरोबर दाखवत होते. माझ्या मते अशा घरांतला मूळ पेच खरं की खोटं हा नसतोच. दोघांनीही तो प्रश्न माहितीचा आहे असं धरून चालायचं ठरवलं होतं, आणि तिथेच गाडी अडली होती. ‘अण्णा आला का?’ या शब्दांखाली बाबांना काय हवं आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. बाबांना ते स्वतःहून सांगता येणं शक्य नव्हतं.

वहीत काय सापडलं

हेलन केल्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशातल्या अवघड वागण्याकडे पाहण्याची एक चार पायऱ्यांची पद्धत मांडली: आधी वागण्याचं नेमकं वर्णन, मग कारणांचा शोध, मग योजना आणि शेवटी ती चालते का याची तपासणी. पहिली पायरी सगळ्यांना किरकोळ वाटते आणि तीच टाळली जाते. ‘संध्याकाळी फार त्रास देतात’ हे वर्णन नव्हे, तो निकाल झाला.

सुनेने एक वही घातली. किती वाजता विचारलं, खोलीत उजेड किती होता, टीव्ही चालू होता का, आधी काय घडलं, कोण काय बोललं, मग काय झालं. तिच्या नोंदी थोडक्या पण बारकाईच्या होत्या. दोन आठवड्यांत तीन गोष्टी दिसल्या. प्रश्न जवळपास नेहमी साडेपाच ते साडेसात याच वेळात यायचा. खोलीत तोवर दिवे लागलेले नसायचे आणि टीव्ही मोठ्याने चालू असायचा. आणि प्रश्नाच्या आधी बाबा बहुतेक वेळा हात पुसल्यासारखे अंगावरच्या कपड्याला चोळत असायचे.

ही तिसरी नोंद वाचून आई एकदम बोलत्या झाल्या. वर्कशॉप सहाला बंद व्हायचं. बाबा लेथ पुसून हात पुसायचे, अण्णा गल्ला मोजून यायचे, दोघं मिळून शटर ओढायचे आणि गप्पा मारत घरी चालत यायचे. ‘४५ वर्षं संसार केला,’ त्या म्हणाल्या, ‘आणि विचारतात ते अण्णांना. मला वाटायचं, मी कुठेच नाही यांच्या मनात.’ हे बोलून त्या रडल्या. त्या दिवशी ठरलेलं बाकी काम बाजूला ठेवावं लागलं, आणि ते योग्यच होतं. रुग्णाशी नीट बोलता येण्यासाठी बोलणाऱ्याच्या मनात साचलेलं आधी बाहेर पडावं लागतं. बाबांच्या त्या रोजच्या क्रमाचा शेवट घरी येण्यात होता आणि त्या घरात आई होत्या, हे त्यांना स्वतःलाच सांगता सांगता उमगलं.

आधी कान

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक साधी तपासणी राहिली होती. वहीत वारंवार लिहिलं होतं, ‘सांगितलेलं कळलं नाही.’ बाबांच्या डाव्या बाजूला बसून बोललं की कळायचं नाही, उजवीकडून बरंच कळायचं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिलं तर डाव्या कानात मळाचा घट्ट बोळा होता. तो काढल्यावर घरातल्या निम्म्याअधिक कटकटी कमी झाल्या. ऐकू न येणं आणि न समजणं बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून आजाराचं नाव एकदा लागलं की सगळं त्याच्याच खात्यावर जमा होत जातं. चष्म्याचंही तसंच, नंबर बदलला होता आणि वर्षानुवर्षं कुणी पाहिला नव्हता.

टीव्ही संध्याकाळी बंद. दिवे अंधार पडायच्या आधीच लागलेले. संध्याकाळी वाढणारी ही अस्वस्थता अनेक रुग्णांत दिसते; थकवा, शरीराच्या दिवस-रात्रीच्या घड्याळातला बिघाड आणि सावल्यांमुळे होणारा गोंधळ, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. बाबांना दुपारी अर्धा तास पडायची सवय लावली, पण त्याहून जास्त झोपू द्यायचं नाही, असंही ठरलं.

बोलणं बदललं ते असं

मुलगा रोज कामावरून आल्यावर विचारायचा, ‘बाबा, सांगा बरं मी कोण?’ त्यामागे स्वतःची खात्री करून घेण्याची धडपड होती. बाबांसाठी मात्र ती रोजची परीक्षा, आणि त्यात रोज नापास होणं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात लक्षात आणून दिलं की स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं खच्चीकरण फक्त आजार करत नाही, भोवतालच्यांचं वागणंही करतं: लहान मुलासारखं वागवणं, त्याच्या वेगापेक्षा भरभर बोलणं-करणं, त्याला जे वाटतं ते खोडून काढणं, तो समोर असताना त्याच्याविषयी तो नसल्यासारखं बोलणं. हे करणारे दुष्ट नसतात, हेही किटवुड आवर्जून सांगत.

मुलाने सवय बदलली. आता तो समोरून येतो, बाबांच्या डोळ्यांच्या पातळीला बसतो आणि म्हणतो, ‘बाबा, मी आलो. तुमचा धाकटा.’ एका वेळी एकच गोष्ट. विचारून झालं की थांबतो. हे थांबणं त्याला सगळ्यात जड गेलं. बाबांना वाक्य आत घेऊन उत्तर जुळवायला वेळ लागतो. मुलगा तीन-चार सेकंदांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा आणि बाबांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. मनात दहापर्यंत मोजायचं आणि गरज पडली तर त्याच शब्दांत विचारायचं, हे ठरल्यावर उत्तरं येऊ लागली. ‘काय घालणार?’ याऐवजी दोन शर्ट समोर धरून ‘हा की हा?’ विचारलं की बाबा बोट दाखवतात.

दिवसा येणाऱ्या मदतनिसाची अडचण निराळी होती. तो प्रेमळ होता आणि आंघोळीच्या वेळी म्हणायचा, ‘चला चला, शहाणे ना तुम्ही, आता आपण छान छान अंग धुवायचं!’ बाबा त्याचा हात झटकायचे. क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शुश्रूषागृहातल्या संवादाच्या चित्रफिती तपासल्या होत्या. कर्मचारी असे लाडेलाडे बोलले की रुग्णांनी मदतीला विरोध करण्याची शक्यता वाढत होती. मदतनिसाला सांगितलं, जन्मभर दहा कामगारांवर हुकूम चालवलेल्या माणसाशी बोलताय. आता तो म्हणतो, ‘पाणी तयार आहे, साहेब. टॉवेल तुमच्याजवळ राहू द्या.’ टॉवेल हातात असला की बाबांना हाताला काम मिळतं. विरोध पूर्ण गेला नाही, पण ओढाताण संपली.

सहा वाजताचं उत्तर

आता तो प्रश्न. नवं उत्तर असं ठरलं की मृत्यूची बातमी द्यायची नाही आणि येतील असंही म्हणायचं नाही. जवळ बसायचं आणि प्रश्नाच्या आत शिरायचं.

‘अण्णा आला का?’

‘अण्णाची वाट बघताय?’

‘हो. शटर ओढायचंय.’

‘आज दिवसभर उभं राहून काम केलंत. थकला असाल.’

‘थकणारच की.’

‘अण्णाकाका कुलूप लावल्यावर ओढून बघायचे ना, पुन्हा पुन्हा?’

इथे बाबा हसले, असं सुनेने वहीत लिहिलं आहे. मग अण्णांच्या संशयी स्वभावावर ते बराच वेळ बोलले, वाक्यं अर्धवट, पण गोष्ट पुरी. त्यानंतर मुलगा म्हणाला, ‘चला, घरी जाऊ,’ आणि त्यांना इमारतीभोवती एक फेरी मारून आणलं. दारातून आत येताना आई म्हणाल्या, ‘आलात?’ बाबा म्हणाले, ‘आलो गं.’

यात खोटं काहीही नाही. अण्णा कुलूप ओढून बघायचे हे खरं, दिवस संपला हे खरं, घरी आलो हेही खरं. पुढे यात एक भर पडली. पावणेसहाला बाबांसमोर नट-बोल्टचा डबा ठेवायचा. ते आकारानुसार वेगळे करतात, फडक्याने पुसतात आणि सहाला डब्याचं झाकण लावतात. काम बंद करायची जी गोष्ट राहून गेल्यासारखी वाटायची, ती आता रोज हातून होते.

रुग्णाच्या वास्तवाला धरून बोलण्याचा हा विचार नवा नाही. नेओमी फाइल यांनी १९६० ते १९८० च्या दरम्यान तो पद्धतशीर मांडला. उपचार म्हणून त्याचा किती उपयोग होतो, याचा पुरावा तोकडाच आहे. झालेल्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. म्हणून मी घरच्यांना याने आजार आटोक्यात येईल असं कधीच सांगत नाही. यातून संध्याकाळ सुसह्य होते, आणि माझ्या दृष्टीने तेवढं कारण पुरेसं आहे.

मुलाला तरीही एक प्रश्न छळत होता. ‘म्हणजे बाबांशी खरं बोलायचंच नाही का? त्यांना सत्य कळायचा हक्क नाही?’ हा प्रश्न हलक्यात घेण्यासारखा नाही. माझं मत असं: माणूस ज्याबद्दल विचारतो आहे, त्याबद्दल त्याच्याशी खोटं बोलू नये. सहा वाजता बाबा मृत्यूबद्दल विचारत नव्हते. ते कधी विचारतील का, आणि विचारलं तर ओळखू येईल का, हे पाहायचं होतं.

ते आलं. एका सकाळी, चांगला उजेड असताना, बाबा शांत स्वरात आईंना म्हणाले, ‘अण्णा आता नाही ना गं?’ चुळबुळ नव्हती, हात चोळणं नव्हतं, नजर थेट आईंकडे होती. आई घाबरल्या, पण म्हणाल्या, ‘नाही हो.’ आणि हात धरून बसून राहिल्या. बाबा रडले. संतापले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘चांगला होता.’ त्या दिवशी ते नीट जेवले. संध्याकाळी सहाला त्यांनी पुन्हा विचारलं, ‘अण्णा आला का?’ आणि मुलाने विचारलं, ‘वाट बघताय?’ दोन्ही उत्तरं एकाच दिवशी दिली गेली आणि दोन्ही बरोबर होती.

औषधाची मागणी, आणि अचानक बिघडलेले दोन दिवस

सुरुवातीलाच मुलाने मनोविकारतज्ज्ञांकडे शांत करणारी गोळी मागितली होती. डॉक्टरांनी लगेच दिली नाही. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना मनोविकारांवरची काही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये दिला आहे. अशी औषधं कधीच देत नाहीत असं नाही. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याच्या बेतात असेल तर तोलून-मापून द्यावी लागतात. पण संध्याकाळी भावाची वाट बघणं हे त्यासाठीचं कारण नव्हे.

मध्यंतरी दोन दिवसांत सगळं उलटंपालटं झालं. बाबा दिवसा पेंगत, रात्री ओरडत, खोलीच्या कोपऱ्यात माणसं दिसतात म्हणत. मुलाला वाटलं, आजार पुढे सरकला. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. तासा-दिवसांत इतका फरक पडला तर तो बहुधा दुसऱ्या शारीरिक कारणाने आलेला तीव्र भ्रम असतो आणि डॉक्टरांकडे तातडीने न्यावं लागतं. तपासणीत लघवी तुंबलेली आढळली. सर्दीसाठी घरातलीच एक झोप आणणारी गोळी त्यांना तीन दिवस दिली गेली होती. अशा जुन्या प्रकारच्या गोळ्या मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात. अल्झायमरमध्ये आधीच त्याची उणीव असते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत त्यांनी लघवीही अडते. गोळी बंद झाली, नळी घालून लघवी मोकळी केली आणि आठवड्याभरात बाबा बरेचसे पूर्वीसारखे झाले. ज्या वेळी शब्दांचा अर्थ लावत बसायचं नसतं, थेट शरीर तपासायचं असतं, ती ही वेळ. संवादाबद्दल बोलताना हे सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं.

सध्याची स्थिती

प्रश्न थांबलेला नाही. वहीतल्या नोंदींनुसार तो जवळपास तितक्याच वेळा येतो. दाराशी चपला घालून उभं राहणं गेलं, रडणं क्वचित, रात्रीची झोप बरी. आई आठवड्यातून एक संध्याकाळ बाहेर जातात. त्या दिवशी सहाची फेरी सून मारते. माय-लेकाचा वाद मिटला, पण दमणूक आहेच, आणि मुलगा एखाद्या दिवशी अजूनही ‘अहो बाबा, सांगितलं ना!’ म्हणून जातो. अशा वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन पाच मिनिटांनी पुन्हा समोरून यायचं, एवढंच ठरलेलं आहे.

गेल्या काही आठवड्यांत बाबांचे शब्द कमी होत चालले आहेत. ‘अण्णा’ एवढंच म्हणतात, बाकी हाताने. पुढे दुखलं-खुपलं तरी ते सांगू शकणार नाहीत. म्हणून वहीत आता नवे रकाने आखले आहेत: श्वास कसा चालला आहे, कण्हतात का, चेहरा आक्रसतो का, अंग ताठ होतं का, जवळ घेतल्यावर शांत होतात का. डॉक्टर आणि परिचारिका वेदना ओळखण्यासाठी या पाच गोष्टी पाहतात. सुनेला त्या समजल्या आहेत. मदतनिसाला आणि आईंना पुढच्या भेटीत शिकवायच्या आहेत.